१९०८ पासून खणतायत, अजून संपलं कसं नाही? (एम्पूरियस बघून आलेय, आणि आमचं वडगाव)

शहापूरची_सुमन
नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहूलालेय, बोलून टाइप करते त्यामुळं काही चुकलं तर समजून घ्या. मी बेळगावची, शहापूरची, सासर विणकराचं. घरात दोन माग होते, सासरे गेल्यावर एक विकला नि एक मोडून माळ्यावर टाकलाय. मुलगा बार्सिलोनाला नोकरीला हाय, सुनेचं बाळंतपण म्हणून यंदा तीन महिने तिकडं होते. जुलैत एका शुक्रवारी त्यानं रजा टाकली नि म्हणाला आई चल तुला समुद्र दाखवतो. मला वाटलं गोव्यासारखं काहीतरी असणार, तर हा पठ्ठ्या घेऊन गेला एका पडक्या गावात. समुद्र होता म्हणा, अगदी भिंतीला लागून, पण आत नुसत्या गुडघ्याएवढ्या भिंती, दगडी रस्ते, विहिरी नि ऊन.

गावाचं नाव एम्पूरियस. ग्रीक लोकांनी वसवलेलं, इसवी सनाच्या आधी सहाशे वर्षांच्या आसपास, मग रोमन आले. नावाचा अर्थच म्हणे पेठ, बाजार. म्हणजे आपलं खडेबाजार म्हणा की.

तिथं एका कोपऱ्यात सावलीला कापड ताणून पोरंपोरी बसली होती, हातात गवंड्याच्या थापीसारखं बारकं हत्यार नि ब्रश, आणि चमच्या-चमच्यानं माती काढत होती. मी अर्धा तास बघितलं, अर्ध्या तासात एक बादली भरली नाही. मुलानं पाटी वाचून सांगितलं की इथं खोदकाम १९०८ साली सुरू झालं, बार्सिलोनाच्या म्युझियमच्या मंडळानं सुरू केलं आणि आजपण म्युझियमच चालवतंय. मी म्हटलं एकशे पंधरा वर्षं होऊन गेली की रे, अजून संपलं कसं नाही, तर तो हसून म्हणाला आई ग्रँट खायचा धंदा हाय, संपलं तर पगार कोण देणार. मला ते काय पटलं नाही पण उत्तरही सुचलं नाही.

त्याहून मोठं नवल म्हणजे पलीकडे दोघंजण एका खड्ड्यात पांढरं कापड पसरून परत माती टाकत होते. खणलेलं बुजवत होते हो! आमच्याकडं ड्रेनेजवाले असं करतात, आज खणायचं उद्या बुजवायचं, पण हे शिकलेले लोक.

अजून एक. म्युझियममध्ये कपाटात मातीचे ठोकळे मांडलेले होते, खाली चौकोनी, वर निमुळते, वरच्या टोकाला भोक. मुलगा पुढं गेला, मी तिथंच थांबले. सासरे काठाच्या ताण्याला असेच खडे बांधायचे, ताण सारखा राहावा म्हणून. पाटी स्पॅनिश का कसल्या भाषेत होती, मला एक अक्षर येत नाही, पण मी मुलाला हाक मारून म्हटलं हे मागाचं हाय बघ. त्यानं फोन धरून भाषांतर केलं, खरंच मागाची वजनं! तेवढ्यापुरता तो गप्प झाला.

आता माझा खरा प्रश्न. माझं माहेर वडगाव, माधवपूरच्या अंगाला. लहानपणी नांगर घातला की रानात खापरं निघायची, हातभर लांबीच्या विटा निघायच्या, लोक त्या गोठ्याला लावायचे. तिथं पण १९७० नंतर कधीतरी तंबू ठोकून खणलं होतं, सातवाहनांचं शहर सापडलं असं वडील सांगायचे. आता तिथं प्लॉट नि घरं. मग एका गावाला शंभर वर्षं आणि एका गावाला चार उन्हाळे, असं का? कुणी जाणकार असेल तर सांगा, मुलाला पण पाठवायचंय.

---

कुंदा_प्रेमी
काकू तुमचा मुलगा चुकला. ग्रँट खाणारे इतकी वर्षं उन्हात बसत नाहीत, एसीत बसतात 😄

खापरवेडी_खानापूर
सुमनकाकू, प्रश्न वाचून इतकं बरं वाटलं की ऑफिसचं काम बाजूला ठेवून लिहितेय. मी मूळची खानापूरची, पुण्यात आर्किऑलॉजी शिकले, दिवसभर खापरांची चित्रं काढते, अक्षरशः तेच काम. एम्पूरियसला गेले नाही अजून, पण आमच्या लाइनीत त्या गावाबद्दल वाचल्याशिवाय सुटका नसते.

आधी बुजवायचं सांगते कारण तेच सगळ्यांना खटकतं. जमिनीत दोन हजार वर्षं भिंत टिकली कारण वर माती होती, ऊन नाही, पाऊस नाही, गवताची मुळं नाहीत. उघडी केली की दुसऱ्या पावसाळ्यापासून ती सुटायला लागते. एम्पूरियस तर समुद्राला लागून, खारा वारा. म्हणून बघायचं ते बघून, मोजून, फोटो आणि ड्रॉइंग करून परत झाकतात. ते पांढरं कापड खूण असते, पुढं कुणी परत खणलं तर कळावं की इथपर्यंत आधीच्यांनी हात लावलाय, याच्या खाली कोरं आहे. ड्रेनेजवाल्यांना पण हे शिकवायला हवं खरं म्हणजे.

आता शंभर वर्षांचं. काकू, तुम्ही मागावरच्या आहात म्हणून तसं सांगते. जुनं लुगडं उसवून बघायचं की ते कसं विणलंय, तर एकदाच उसवता येतं. उसवताना प्रत्येक धागा कुठून निघाला ते लिहिलं नाही तर हातात नुसता गुंता उरतो. खोदकाम तसंच. थर काढला की तो संपला, परत घालता येत नाही. त्यामुळं जे चमच्या-चमच्यानं चाललं होतं ते मातीसाठी नव्हतंच, मातीचा रंग कुठं बदलतो, राख कुठं सुरू होते, कुणी मागाहून खड्डा मारलाय का, हे बघायला होतं.

सुरुवातीला तिथं पण भराभरच खणलं. १९०८ ला पुच इ कादाफाल्क नावाच्या आर्किटेक्टच्या पुढाकारानं काम चालू झालं, जागेवर रोज उभा राहणारा माणूस होता एमिली गांदिया. हा गांदिया रोजच्या रोज डायरी लिहायचा, आज कुठं खणलं, काय निघालं, स्केचसकट. आज शंभर वर्षांनी लोक त्याच्या डायऱ्या उघडून बसतात आणि गोदामातलं एखादं भांडं कुठल्या घरातून आलं ते शोधतात. म्हणजे नवीन खड्डा न मारता जुन्या डायरीत खोदकाम चालतं. हे पण "अजून संपलं नाही" मध्येच धरा.

दुसऱ्याच वर्षी, १९०९ च्या ऑक्टोबरात, त्यांना संगमरवराची दाढीवाली मोठी मूर्ती सापडली, माणसाहून उंच, सव्वादोन मीटरच्या आसपास. आख्खी नाही, वरचं अंग वेगळं, खालचं वेगळं, आणि दोन्हीचा दगडसुद्धा एकाच खाणीतला नाही. अस्क्लेपियस, म्हणजे त्यांचा वैद्यकाचा देव, असं म्हटलं गेलं. आता काही अभ्यासक म्हणतात हा अस्क्लेपियस नव्हेच, इजिप्तकडून आलेला सेरापिस आहे. शंभर वर्षांत मूर्ती तीच, नाव मात्र वादात. सापडल्यावर देव गेला बार्सिलोनाच्या म्युझियममध्ये आणि जागेवर उभी राहिली नक्कल. २००८ ला खोदकामाला शंभर वर्षं झाली तेव्हा मूळ मूर्ती गावात परत आणली. काकू, जुन्या मठाच्या इमारतीतलं म्युझियम बघितलंत ना तुम्ही, तिथंच आहे, तुम्ही बहुतेक त्याच्यासमोरूनच मागाच्या वजनांकडं गेला असणार!

तुम्ही ज्या गुडघाभर भिंती बघितल्या त्यातल्या बऱ्याचशा उशिराच्या आहेत, ग्रीक वस्तीच्या शेवटच्या काळातल्या, रोमन येऊन गेल्यावरच्या. पहिल्या ग्रीकांची घरं त्याच्या खाली. ती बघायची तर वरची मोडायला लागतील. कोण मोडणार? मग जिथं वर काही शिल्लक नाही अशा फटीतून खाली जायचं, दोन मीटर बाय दोन मीटर. आणि सगळ्यात पहिली वस्ती तर तिथं नाहीच, ती शेजारच्या सांत मार्तीला, जी तेव्हा समुद्रातली टेकडी होती आणि आता गाळ साठून जमिनीला जोडली गेली आहे. तिच्यावर आज लोक राहतात, चर्च आहे, हॉटेलं आहेत. १९९० च्या दशकात चर्चसमोरच्या चौकात खणायला मिळालं तेव्हा कुठं खालचं दिसलं, ग्रीकांच्या आधीचीही वस्ती निघाली.

ग्रीक वस्तीच्या मागच्या टेकडीवरचं रोमन शहर वेगळंच, वीसेक हेक्टरचं, आणि त्याचा जेमतेम पाचवा भाग उघडलाय. बाकीचं मुद्दाम ठेवलंय. पन्नास वर्षांनी कुणाकडं आपल्यापेक्षा चांगली यंत्रं असतील तर त्यांच्यासाठी. मला स्वतःला हे फार आवडतं, हातात थापी असून न खणणं. आमच्याकडं उलट असतं, सीझन संपायच्या आत तळ गाठायचा.

कुंदा_प्रेमी
ताई एक शंका, मॅपवर बघितलं तर त्या भागातल्या नदीचं नाव तेर. आणि धाराशिवजवळ आपलं तेर, तिथं पण रोमन व्यापाराच्या वस्तू निघाल्यात. काहीतरी कनेक्शन हाय की.

खापरवेडी_खानापूर
योगायोग आहे. प्लीज व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, परवापर्यंत माझ्याच मामांकडून मला फॉरवर्ड येईल.

कुंदा_प्रेमी
उशीर झाला 🙏

निवृत्त_मास्तर_निपाणी
सुमनताई, आपला प्रश्न वाचला. मी निपाणीत एकतीस वर्षे इतिहास शिकवला, अर्धी वर्षे मराठी शाळेत आणि अर्धी कन्नड शाळेत, त्यामुळे या गावाकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. खोदकामाचं ताईंनी सांगितलंच आहे, मी माणसांचं सांगतो.

एम्पूरियसचे ग्रीक मूळचे फोकाया गावचे, ते आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर येतं. याच लोकांनी आधी मासालिया वसवलं, म्हणजे आजचं मार्से. तिथून आणखी पुढे येऊन ही पेठ टाकली. आता पेठ टाकायची म्हणजे गिऱ्हाईक हवं, ते होतं तिथलं मूळचं, इंडिगेती नावाच्या जमातीचं. लिव्ही हा रोमन इतिहासकार इ.स.पू. १९५ मध्ये रोमन सेनापती केटो फौज घेऊन तिथं उतरला त्या वेळची हकीकत सांगतो, ती वाचून मला आपलीच एखादी गल्ली आठवते. गाव एक, पण मध्ये भिंत. समुद्राकडे ग्रीक, जमिनीकडे मूळचे लोक. भिंतीला त्या बाजूला एकच दरवाजा, त्यावर कायम पहारा, आणि रात्री गावातले एक तृतीयांश नागरिक तटावर जागे. पलीकडच्याला आत प्रवेश नाही, अलीकडचेही बाहेर पडायचे ते घोळक्याने. इतका अविश्वास. आणि पुढच्याच वाक्यात लिव्ही म्हणतो की व्यापार मात्र जोरात, कारण पलीकडच्यांना जहाजातून येणारा माल हवा होता आणि अलीकडच्यांना शेतातलं पीक. (लिव्हीने हे दीडेकशे वर्षांनंतर लिहिलंय आणि त्याला गोष्ट रंगवायची हौस होती, हेही ध्यानात ठेवावं.)

मग स्त्राबो हा ग्रीक भूगोलकार काय म्हणतो बघा. तो म्हणतो की हे दुहेरी शहर होतं, मध्ये भिंत होती, पण काळ गेला तसे दोघे एका कारभाराखाली आले आणि कायदे झाले मिसळ, थोडे ग्रीक थोडे तिथले. भिंत कुणी पाडली, कोणत्या साली, याचा ठराव वगैरे काही नाही. बाजाराने केलं असावं असा माझा अंदाज, पण तो माझा, स्त्राबोचा नव्हे.

याच गावात सेरापिस आणि इसिस (इजिप्तची देवी) यांच्या देवळाचा एक शिलालेख मिळाला, देऊळ बांधणारा नूमास नावाचा अलेक्झांड्रियाचा माणूस, आणि लेख दोन भाषांत, लॅटिन आणि ग्रीक. पाटी दोन भाषांत लावली आणि दोन हजार वर्षं टिकली, कुणी डांबर फासलं नाही. बेळगावच्या वाचकांना यापुढे काही सांगायला नको.

आणि एक वस्तू. १९८५ मध्ये तिथं शिशाचा पातळ पत्रा सापडला, त्यावर ग्रीकमध्ये खरडलेलं व्यापारी पत्र, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरचं. पत्रा फुटलेला आहे, वाक्यं अर्धीमुर्धी लागतात. पण सूर ओळखीचा. अमुक ठिकाणी जा, माल वाहायला बोट ओढून न्यायची तर बास्पेदास की काय नावाच्या माणसाला विचार, दोन असतील तर दोन्ही पाठव म्हणावं, त्याला भागीत यायचं असेल तर निम्म्यात घे, नसेल जमत तर तिथंच राहू दे आणि किती घेणार ते मला कळव. ते बास्पेदास हे नाव ग्रीक वाटत नाही, तिथल्याच माणसाचं असावं. माझे आजोबा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते, त्यांच्या चिठ्ठ्या मी बघितल्या आहेत. "गाडीवाल्यास विचारणे, निम्मे भाडे आगाऊ मागितल्यास देऊ नये, किती म्हणतो ते कळविणे." पत्ता तेवढा बदला.

शहापूरची_सुमन
मास्तर, तुम्ही बोट म्हणालात म्हणून आठवलं, तिथं समुद्रात दगडांचा एक जुना धक्का अजून उभा हाय, मोठमोठे दगड, त्यावर बसून पोरं आइस्क्रीम खात होती. मी पण बसले, मला काय माहीत तो ग्रीकांचा! आणि शेजारच्या गावात, ला एस्कालात, मीठ लावलेली मासळी काचेच्या बरणीत विकतात, त्यासाठी गाव प्रसिद्ध म्हणे. सुनेनं पावाला लावून दिली, मला तर आपल्या मांदेलीच्या खारवणीसारखी लागली, भात असता तर बरं झालं असतं.

खापरवेडी_खानापूर
काकू!! त्या पडक्या गावात पण मासे खारवायचा कारखाना सापडलाय. दोन हजार वर्षं तोच धंदा त्याच किनाऱ्यावर. आणि तुमची मांदेली आणि ती मासळी एकाच घराण्यातली, अँकोव्हीच.

तुमच्या मागाच्या वजनांचं राहिलंच. त्यांचा माग खड्ड्यातला नव्हता, उभा असायचा, भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा. ताणा वरच्या दांडीवरून खाली सोडायचा आणि खालून धाग्यांच्या जुडग्याला ही वजनं बांधायची. लाकूड कुजून गेलं, सूत कुजून गेलं, भाजलेली माती राहिली. म्हणून एखाद्या खोलीत अशी वीसपंचवीस वजनं एका ओळीत पडलेली मिळाली तर आम्ही म्हणतो इथं माग उभा होता. ती ओळ महत्त्वाची. कुणी ती वजनं गोळा करून टोपलीत भरून आणली तर नुसते वीस ठोकळे, ओळ गेली म्हणजे माग गेला.

पायाखोदू_अनगोळ
मी पाया खोदायचं काम करतो, जेसीबी हाय स्वतःची. ताई तुम्ही लिवलं ते वाचून बरं वाटंना म्हणून लिवतो. माझं नाव नको, बिल्डरचं पण नको.

पाचसा वर्षांमागं त्याच बाजूला एका अपार्टमेंटचा पाया काढूलालो होतो. सा-सात फुटावर विटांची भिंत लागली. विटा असल्या की आजकालच्या चार विटांची एक. मी मशीन थांबवली, खाली उतरलो, हात लावून बघितलं, मातीतच बांधलेली, सिमेंट न्हाई काय न्हाई, पण रेषा असली सरळ की आमचा गवंडी बघत राहिला. एका ठिकाणी गोल रिंग लागली मातीच्या, एकावर एक ठेवलेल्या. मी मालकाला फोन केला. तो म्हणाला थांबलास तर दिवसाचं भाडं तुझ्या बोडक्यावर, सरकार आलं तर जागा गेली, उचल. उचललं. तीन डंपर. ते कुठं तर रस्त्याच्या भरावाला गेलं.

चूक झाली ते मला कळतंय. पण मला सांगा, मी कुणाला फोन करायचा होता? आणि खरंच जागा जाते काय?

खापरवेडी_खानापूर
दादा, लिहिलंत हेच खूप. शिव्या द्यायला मन होत नाही, कारण तुम्ही मशीन थांबवून खाली उतरलात, तेवढंही कुणी करत नाही.

त्या एकावर एक रिंगा म्हणजे बहुतेक रिंगवेल, मातीच्या कड्यांची विहीर किंवा सांडपाण्याचा शोषखड्डा. जुन्या शहरांत सगळीकडं मिळतात. सांडपाण्याचा असला तर आमच्यासाठी सोनं, कारण घरातलं सगळं फुटकं त्यात टाकलेलं असतं.

जागेचं म्हणाल तर लोकांच्या डोक्यात दोन गोष्टींची खिचडी झालीय. शंभर मीटरपर्यंत बांधकाम बंद आणि त्यापुढं दोनशे मीटर परवानगीनं, हा नियम केंद्राच्या संरक्षित स्मारकांभोवतीचा आहे, वीट निघाली की लगेच तो लागत नाही. नाणी, दागिने, मूर्ती असं काही मोलाचं सापडलं तर त्याला निखात निधी कायदा आहे, मुळात १८७८ चा, इंग्रजांच्या वेळचा, आणि कर्नाटकाचा स्वतःचा १९६२ चा. १८७८ च्या कायद्यात दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. १८७८ चे दहा रुपये, आज त्यात चहा पण येत नाही. लपवलं तर गुन्हा, कळवलं तर सापडणाऱ्याचा आणि जागामालकाचा हक्क त्यात धरलेला आहे.

फोन पुरातत्त्व खात्याला किंवा सरळ तहसीलदार ऑफिसला. आणि समजा कुणीच उचलला नाही, तरी उचलायच्या आधी दहा मिनिटं द्या. शेजारी चप्पल नाहीतर टेप ठेवून फोटो, किती फुटावर, कुठल्या बाजूला, भिंत कुठून कुठं जाते. मोबाइलमध्ये जागा आपोआप नोंदली जाते. त्या गांदियाकडं तर नुसती पेन्सिल होती.

निवृत्त_मास्तर_निपाणी
एक पुरवणी जोडतो. एम्पूरियसलाही सगळं सोज्वळ नव्हतं. मध्ययुगात शेजारच्या लोकांनी तिथले दगड काढून घरं बांधली, जसे आपल्याकडे गोठे. आणि १९३६ ते ३९ च्या यादवी युद्धानंतर जे मोठं खोदकाम झालं त्यात हरलेल्या बाजूचे कैदी राबवले होते. आज पर्यटक ज्या रस्त्यावरून टोपी घालून चालतात त्यातली काही माती त्या कैद्यांनी उपसली आहे. पुढे १९४७ पासून तिथं उन्हाळी वर्ग सुरू झाला, देशोदेशीची मुलं शिकायला येतात. सुमनताईंनी कापडाच्या सावलीत बघितली ती बहुधा त्याच परंपरेतली. आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकची ज्योत ग्रीसहून आली तेव्हा ती बोटीने याच किनाऱ्यावर उतरवली. ग्रीक जिथं उतरले तिथंच.

वडगावला चारच उन्हाळे का, याचं माझं उत्तर सरळ आहे. तिथं म्युझियम जागेवरच आहे, खोदणारा, सांभाळणारा आणि दाखवणारा एकच. आपल्याकडे खणणारे एक, वस्तू जाणार दुसरीकडे, जागा तिसऱ्याची आणि अहवाल इंग्रजीत. गावाला त्यातलं हातात काय राहिलं? सुमनताईंच्या वडिलांची आठवण. कोल्हापूरचं बघा, ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी खणलं. तिथली पोसायडनची, म्हणजे भूमध्यसागराकडच्या समुद्रदेवाची, ब्राँझची मूर्ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, वीतभरसुद्धा नाही. पण ती गावात राहिली म्हणून कोल्हापूरचा रिक्षावालाही सांगतो की आमच्याकडं रोमन यायचे.

कुंदा_प्रेमी
समुद्र नाही तिथं समुद्रदेव. पंचगंगेत पोहायला आला असणार.

खापरवेडी_खानापूर
मास्तर, एवढं सरळ नाही हो ते. एम्पूरियसला वर शहर वाढलं नाही म्हणून जमलं, गाव हळूहळू रिकामं झालं, वाळू आली, शेती झाली. वडगाव तर बेळगावच्या पोटात आहे. लोकांनी राहायचं कुठं? सांत मार्तीला पण चर्च पाडून खणलं नाहीच ना. बाकी अहवाल इंग्रजीत, हे मान्य. आम्हीच लिहितो, आम्हीच वाचतो.

शहापूरची_सुमन
सगळ्यांचे आभार. मुलाला सगळं पाठवलं, त्यानं अंगठा पाठवला, म्हणजे वाचलं नसणार.

काल मुद्दाम वडगावला भावाकडं जाऊन आले. रान कधीच विकलं, पण घर जुनंच हाय. परड्यात मोरीजवळ जो कपडे धुवायचा दगड हाय ना, तो दगड नव्हेच, वीट हाय! लहानपणापासून बघतेय, कधी ध्यानात आलं नाही. पालथी घातलेली. भावाला म्हटलं उलटी कर, तो म्हणाला अक्का तुला युरोप लागलंय. केली उलटी. टेप लावला, लांबी दीड फुटाला थोडी कमी. आणि खालच्या अंगाला एका कोपऱ्यात कुत्र्याच्या पायाचा ठसा. चार बोटं नि मागची गादी, अगदी नखासकट. ओली असताना वरून चालत गेलं असणार. मी तर बसूनच राहिले तिथं, भाऊजय चहा घेऊन आली तरी उठले नाही.

फोटो खाली टाकलाय, शेजारी टेप ठेवलाय आणि चप्पल पण.

खापरवेडी_खानापूर
काकू फोटो बघून अंगावर काटा आला. विटेचा मेळ जुन्या विटांशी बसतोय, पण नक्की प्रत्यक्ष बघूनच सांगेन, दिवाळीत खानापूरला येतेय, तेव्हा वडगावला चक्कर मारू. भावाला सांगा जागेवरून हलवू नका आणि मुख्य म्हणजे धुवू नका.

शहापूरची_सुमन
अगं बाई, आई नि तिच्यानंतर भाऊजय, दोघींनी मिळून पन्नास वर्षं तिच्यावर कपडे आपटलेत!

खापरवेडी_खानापूर
वरच्या बाजूला ना? ठसा खाली होता. मग चालेल 😄

पायाखोदू_अनगोळ
ताई दिवाळीत याल तर मला पण कळवा. ते तीन डंपर कुठल्या रस्त्याला टाकले ते मला ठाऊक हाय, दाखवतो. डांबर झालंय वरनं, पण कडेला अजून थोडं दिसतंय.